इंधनबाबांची अमृतकुपी

टॅक्सी स्टँडमागच्या चढावर दुपारपासून अशी झुंबड उडाली होती, की गिऱ्हाइकांना टॅक्सी दिसत होत्या, पण चालक सापडत नव्हते. सगळे इंधनबाबांच्या गाडीभोवती गोळा झालेले. जुनाट निळी गाडी, स्टिअरिंगमागे तोंड मिटून बसलेला शिष्य आणि बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले बाबा. गाडी चढाला लागली की इंजिन डब्यातल्या खिळ्यांसारखं खडखडायचं. खाली आली की बाबा टाकीत लाल द्रवाचे चार थेंब सोडायचे. गाडी पुन्हा चढ चढायची आणि या खेपेला नॉकिंग, म्हणजे तो खडखडाट, गायब.

"इंजिनालाही जीव असतो, भक्तहो," बाबा सांगत होते. "त्याला खोकला होतो. हे थेंब म्हणजे जुन्या पेट्रोलमधलं अस्सल शिसं. गाड्या तेव्हा कशा पळायच्या, आठवा. मग बड्या लोकांनी ते लपवून टाकलं. मी तपश्चर्या करून परत आणलं."

शिसं तपश्चर्येनं येतं की भंगारवाल्याकडून, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

सर्वांत पुढे आबा होते. त्यांच्या टॅक्सीलाही हाच खोकला होता. शिवाय नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखण्यात स्टँडवर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "नॉकिंग खरंच थांबलं," असं त्यांनीच म्हटल्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. आबांनी बाबांकडून त्या थेंबांची एक कुपी विकत घेऊन शर्टाच्या खिशात टाकली. रोज त्या खिशात नातीसाठी बिस्कीट असायचं. आबा घरात शिरले की दोन वर्षांची ती पोर आधी खिशात हात घालायची आणि हाताला लागेल ते तोंडात कोंबायची.

तेवढ्यात समोरची शाळा सुटली आणि आबांची धाकटी बहीण आली. ती तिथे रसायनशास्त्र शिकवायची, त्यामुळे सगळा स्टँड तिला बाई म्हणायचा.

"दादा, खिशात काय आहे?"

"शिसं. जुनं, अस्सल."

"मग आधी बाहेर काढ. तुझी नात घरी गेल्यावर पहिला हात कुठे घालते?"

आबांनी झटकन खिशाकडे हात नेला. दोन बोटांनी त्यांनी कुपी काढली आणि दूर धरली.

बाई बाबांकडे वळल्या. "शिसं नॉकिंग थांबवायचं, हे खरं आहे, महाराज. पण ते धुरातून हवेत, मातीत आणि लहान मुलांच्या मेंदूत जायचं. धूर साफ करणारं यंत्रही त्यानं निकामी व्हायचं. म्हणून ते पेट्रोलमधून काढलं. लपवलं नाही. आता नॉकिंग थांबवायला दुसरे उपाय आहेत. तुम्ही हे शिसं उघड्या हातानं किती दिवस हाताळताय? तुम्हाला दोघांना आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं. रक्त तपासावं लागेल. दादा, टॅक्सी काढ."

बाबांनी आपल्या लाल बोटांकडे पाहिलं. शिष्यानं बाबांकडे पाहिलं.

"गुरुजी, तुम्ही तर रॉकेल म्हणाला होता," शिष्य घाबरून म्हणाला.

"अरे, रॉकेलच आहे. वर सरबताचा रंग," बाबा घाईघाईनं म्हणाले आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

गर्दीत खसखस पिकली. पण एका चालकाला राहवेना. "रॉकेलनं तर नॉकिंग वाढतं, बाई. मग आवाज थांबला कसा?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "म्हणून तर बघायचं. गाडीत कुणी बसून पाहिलं का?"

कुणीच बसलं नव्हतं. दुसऱ्याच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा स्टँडचा नियम. भांडणं झाली, पण तो कुणी मोडला नव्हता. बाबांचं सगळं दुकान त्या सभ्यतेवर चाललं होतं.

आबांनी शिष्याला खाली उतरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या गाडीच्या सीटवर बसले. स्टिअरिंगखाली हाताला एक मूठ लागली. ती ओढून त्यांनी गाडी चढावर घातली. खडखडाट. अर्ध्या चढावर मूठ आत ढकलली. इंजिन गपगार. टाकीत एक थेंबही न टाकता.

खाली येऊन त्यांनी बॉनेट उघडलं. "ही तार बघा. मूठ ओढली की ठिणगी वेळेआधी पडते, म्हणून नॉकिंग. ढकलली की ठिणगी वेळेवर. खोकला यांनीच लावायचा आणि यांनीच बरा करायचा." मग जरा ओशाळून म्हणाले, "माझा कान चुकला नव्हता. मी फक्त कानच वापरला."

बाबांनी कुप्यांची पिशवी उचलली, पण चालकांनी बाबांना आणि पिशवीला पोलीस येईपर्यंत जागचं हलू दिलं नाही.

घरी जाण्याआधी आबांनी हात साबणानं खसाखसा धुतले, शर्ट बदलला आणि नव्या खिशात बिस्कीट ठेवलं. नातीनं ते काढलं आणि न बघता तोंडात कोंबलं. आजोबांच्या खिशातलं म्हणजे चांगलंच असणार, असा तिचा भरवसा. दोन वर्षांच्या पोरीनं तो ठेवावा. आपण मोठ्यांनी मात्र खिशात काही टाकण्याआधी उघडून, उलटून, विचारून बघावं, कारण आपल्यावर भरवसा ठेवून कुणीतरी त्याच खिशात हात घालणार असतं.