नावाआधीचा डाग

माझे वडील एका गुरुवारी दुपारी, जेवण झाल्यावर, शाई झाले. शेजारच्या कर्णिकांनी सांगितलं की त्रास काही झाला नाही. नाना आरामखुर्चीत बसले होते, सदरा ओला दिसला, आणि पाहता पाहता ते कापडातून निथळायला लागले. कर्णिक प्रसंगावधानी माणूस. त्यांनी खुर्चीखाली परात लावली, नरसाळं आणलं आणि नानांना एका बाटलीत भरलं. एक थेंबही फुकट गेला नाही, हे त्यांनी मला फोनवर दोनदा सांगितलं.

बाटल्या तेरा दिवस कचेरीत ठेवतात. तेराव्या दिवशी पाच वाजेपर्यंत कुणी न्यायला आलं नाही तर ती शाई कचेरीच्या कामाला लावतात, म्हणजे शिक्क्यांच्या पॅडवर ओततात. मग तो माणूस ‘आवक’ आणि ‘जावक’ एवढंच म्हणत राहतो. कर्णिकांचा फोन मला बाराव्या दिवशी आला. आधी का नाही केलात, असं मी विचारलं. तुमचा आणि नानांचा पत्रव्यवहार आहे की नाही ते ठाऊक नव्हतं, असं ते म्हणाले.

नव्हता. नानांनी रोह्याला चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. लोकांच्या लग्नपत्रिका ते लाल पेन्सिलीने तपासायचे आणि यजमानांच्या घरी परत नेऊन द्यायचे. नावाआधी काय लिहायचं, यात त्यांच्या हातून चूक होणं शक्यच नव्हतं. मी वसतिगृहात होते तेव्हा त्यांची पत्रं ‘चि. कु. सुहासिनी’ला यायची. लग्न ठरलं तेव्हा ‘चि. सौ. कां.’ झालं आणि लग्नानंतर ‘चि. सौ.’ झालं. मग मी मुकुंद दिघेचं घर सोडलं, कागदोपत्रीही मोकळी झाले. त्यानंतर नानांचं एकच आंतरदेशीय पत्र आलं. वर मधोमध ‘॥ श्री ॥’, उजवीकडे तारीख, आणि जिथे मायना सुरू व्हायचा तिथे एक डाग. नीब टेकवून माणूस विचार करत बसला की पडतो तसा डाग. खाली काहीच नव्हतं. पत्त्याचं अक्षर कर्णिकांचं होतं.

नुसतं ‘चि.’ लिहून चाललं असतं. जगात चालतं. नानांना चालत नव्हतं. अकरा वर्षं ते त्या डागापाशी बसून राहिले आणि मीही हट्टाने लिहिलं नाही. मला त्यांची बाटली कपाटात मांडून ठेवायची हौस नव्हती. मला फक्त त्यांच्या हातून एकदा माझं नाव लिहून हवं होतं. ते पत्र आणि दहावीला त्यांनीच दिलेलं शाईपेन पर्समध्ये घालून मी मंगळवारी, तेराव्या दिवशी, दुपारी कचेरीत गेले.

शाईची खोली लांबट होती. एका टोकाला टेबल, त्यामागे सोनटक्के बाई, आणि दुसऱ्या टोकाला आत उघडणारं दार. मला फरश्या मोजायची खोड आहे. टेबलापुढच्या खुर्चीपासून दारापर्यंत बारा फरश्या होत्या.

सोनटक्के बाईंनी नोंदवहीत माझं नाव लिहिलं. मी वाकून पाहिलं तर त्यांनी ‘सुवासिनी’ लिहिलं होतं.

“सुहासिनी,” मी म्हणाले. “ह.”

“एकच की ते,” असं म्हणत त्यांनी ‘वा’वर ‘हा’ गिरवला.

टेबलावर दहा बाटल्या होत्या. प्रत्येकीवर लेबल होतं आणि प्रत्येक लेबलावर फक्त ‘कै.’ होतं. पुढे निळसर ओघळ. बाईंनी न लाजता सांगितलं की लेबलावरचं नाव ज्याचं त्याच्याच शाईने लिहायची पद्धत आहे, आणि परवा धूळ फार दिसली म्हणून त्यांनी बाटल्या ओल्या फडक्याने पुसल्या. ‘कै.’ छापील असल्यामुळे वाचलं.

“मग आता?” मी विचारलं.

“आता आपापलं माणूस आपण ओळखायचं. बाटलीत नीब बुडवायची, आपलं नाव लिहून बघायचं.”

माझ्या आधी जनार्दन उपासनी नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते बायकोला न्यायला आले होते. त्यांनी पहिल्या बाटलीत नीब बुडवून नाव लिहिलं, ते लख्ख उतरलं, आणि खोलीतली एक फरशी कमी झाली. भिंत जराही आवाज न करता पुढे आली. दुसऱ्या नावाला दुसरी गेली, तिसऱ्याला तिसरी. चौथ्या बाटलीच्या शाईने रेघ छान ओढली, पण नाव लिहायला घेतलं की नीब कोरडी पडायची. ‘ज’सुद्धा उमटेना. उपासनींचा चेहरा एकदम उजळला.

“हीच. बावन्न वर्षांत एकदाही माझं नाव घेतलं नाही तिने,” ते मला म्हणाले. “उखाण्यातसुद्धा अडायची.”

पावतीवर सही मिळालेल्या शाईनेच करावी लागते. उपासनींनी पेन टेकवलं, आणि शाईने आपणहून ‘अहो’ लिहिलं. सोनटक्के बाईंनी ते सही म्हणून चालवून घेतलं. उपासनी बाटली रुमालात गुंडाळून गेले. मला त्यांचा फार हेवा वाटला. नऊ बाटल्या राहिल्या, नऊ फरश्या राहिल्या, आणि घड्याळात सव्वाचार झाले होते.

मी पत्र उघडून समोर ठेवलं. नानांची शाई निळी-काळी, ओली असताना निळ्याकडे झुकणारी आणि वाळल्यावर दगडी पाटीसारखी दिसणारी. मी शिस्तीत काम करायचं ठरवलं. आधी एक आडवी रेघ, मग पत्रातल्या तारखेतल्यासारखा आठ, मग नाव. प्रत्येक बाटलीनंतर नीब पेल्यातल्या पाण्यात धुवायची, फडक्याला पुसायची.

पहिली शाई वाळताना हिरवी झाली. रंगावरूनच ती नानांची नव्हती, पण नियमाप्रमाणे मी नाव लिहिलं. कागदावर ‘सौ. सुहासिनी’ उमटलं. ‘सौ.’ मी लिहिलं नव्हतं. नीब आधी स्वतःहून तेवढं लिहून मोकळी झाली आणि मग माझ्या हाताला लागली. मागे एक फरशी कमी झाली.

दुसरी शाई तिरप्या उजेडात तांबूस चमकायची. तिने ‘श्रीमती’ लिहिलं. तिसरी कागदात फुटली, प्रत्येक अक्षराला मिशा आल्या, आणि तिने ‘गं. भा.’ लिहून मला विधवा करून टाकलं. मुकुंद दिघे ठणठणीत आहे. गेल्याच महिन्यात मी त्याला मंडईत दुधी निवडताना पाहिलं होतं. चौथीने एकोणपन्नासाव्या वर्षी मला ‘कु.’ केलं. रंग सुरेख होता, जांभळाच्या सालीचा. पाचवी पाणचट होती, तिने ‘मिस’ लिहिलं. सहावीने परत ‘सौ.’, आणि पुढे माझ्या हाताला न जुमानता ‘दिघे’. सातवीने ‘माजी सौ.’ लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

ही सगळी परकी माणसं. त्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं. पण माझ्या नावाआधी काय लावायचं याबद्दल त्यांच्यातल्या एकालाही क्षणभर शंका आली नाही. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी सातवी बाटली जरा आपटूनच ठेवली.

“हळू,” सोनटक्के बाई म्हणाल्या. “कुणाचं तरी माणूस आहे.”

मी मागे पाहिलं. दोन फरश्या राहिल्या होत्या. बाटल्याही दोन.

आठवी शाई बघून मी पत्र जवळ ओढलं. ओली असताना निळी, वाळल्यावर पाटीसारखी. मी रेघ पत्रातल्या ‘श्री’शेजारी धरली. आठाचं वळण आणि तारखेतल्या आठाचं वळण शेजारी धरलं. कुठला कागद जुना आणि कुठला नवा एवढाच फरक होता. मी नाव लिहिलं. अक्षर टपोरं, शिरोरेघ सरळ, नाव ठेवायला जागा नाही. एक फरशी उरली. पाचला बारा मिनिटं कमी होती.

“मिळाले ना?” बाईंनी विचारलं. “घेऊन टाका. रंग जुळतोय.”

मलाही घेऊन टाकावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी बूच लावायला घेतलंसुद्धा होतं. मग नावाआधीचं नीट वाचलं. ‘श्रिमती’ लिहिलं होतं. ‘श्रि’ला पहिली वेलांटी.

नाना शाई होतील, पॅडवर ओतले जातील, पण ‘श्री’ ऱ्हस्व लिहिणार नाहीत. मी आठवी बाटली परत सरकवली.

नववी बाटली सगळ्यांत साधी होती, बुचाला दोरा बांधलेली. दोरा कर्णिकांचा असणार. रेघ उमटली. रंग तोच. आठ उमटला, तोही तोच. मग मी नाव लिहायला नीब टेकवली आणि ती जागची हलेना. जोर लावला तरी हलेना. पेन कोरडं पडलं नव्हतं. शाई येत होती, पण एकाच जागी. निबेखाली एक ठिपका झाला, तो हळूहळू मोठा झाला, डाव्या बाजूला जरासा फुगला आणि थांबला.

मी पत्र उचलून त्यावर ठेवलं आणि दोन्ही कागद खिडकीच्या उजेडाला धरले. डागावर डाग बसला. डाव्या बाजूच्या फुगवट्यासकट.

मला रडू आलं. टेबलावर टीपकागद होता, त्याने मी डोळे टिपले. उपासनींच्या बायकोने बावन्न वर्षं नवऱ्याचं नाव घेतलं नाही आणि ते माहीत असल्यामुळे ते चौथ्या बाटलीला घरी गेले. मी मात्र नानांना धडधडीत लिहिणाऱ्या बाटल्यांमध्ये शोधत होते.

“हे माझे वडील,” मी म्हणाले.

सोनटक्के बाईंनी पावती पुढे केली. ‘वर लिहिलेली शाई मिळाली.’ खाली रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरात छापलं होतं: घेणाऱ्याचे पूर्ण नाव, उपाधीसह.

मी पेन टेकवलं. डाग पडला. बाईंनी दुसरी पावती दिली. डाग पडला. तिसरीवरही पडला.

“नुसता डाग चालणार नाही,” बाई म्हणाल्या.

“‘अहो’ चाललं.”

“तो शब्द आहे.”

दुसऱ्या बाटलीने सही करून बघू का, असं मी विचारलं. ज्याने सही कराल तीच बाटली मिळेल, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी शिक्क्याच्या पॅडचं झाकण काढून ठेवलं. पॅड कोरडं पडून पांढुरकं झालं होतं. पाचला चार मिनिटं कमी होती. खोलीत आता टेबल, त्या, मी आणि माझ्या खुर्चीमागे एक फरशी एवढंच होतं.

मी बाटलीवर वाकले. अकरा वर्षांत मी त्यांच्याशी बोलले नव्हते आणि आवाज कुठल्या पट्टीत लावायचा तेही विसरले होते.

“नाना,” मी म्हणाले, “तुम्हाला जे बरोबर वाटतं ते लिहा. मला काहीही चालेल. पण लिहा.”

पेन टेकवलं. शाई थोडा वेळ थांबली. मग निबेला जडपणा राहिला नाही. पेन पुढे सरकलं, थांबलं नाही, खरडलं नाही, माझा हात नुसता बरोबर जात राहिला. ‘सुहासिनी नरहरी पोतनीस.’ ‘सु’चा उकार ते खाली ओढून घ्यायचे तसा, ‘नी’ची वेलांटी टोपीसारखी. दिघे नाही, कुणाची कोणी नाही, नुसती त्यांची. मला इतका आनंद झाला की ‘मिळाली, मिळाली’ असं मी मोठ्याने म्हणाले. शाई माझ्यासमोर निळ्याची पाटीच्या रंगाची झाली.

मग मी सुरुवातीपासून वाचलं. नावाआधी त्यांनी ‘कै.’ लिहिलं होतं.

चूक काढायला जागा नव्हती. या एकाच उपाधीला मुलीचं लग्न झालं की मोडलं हे विचारावं लागत नाही. त्यांनी अकरा वर्षं विचार केला होता.

शेवटची फरशी गेली आणि दार माझ्या पाठीला लागलं. ते आत उघडणारं होतं. सोनटक्के बाईंनी सहीवर टीपकागद दाबला, उचलून पाहिलं आणि मान हलवली. त्यांनी खणातून एक कोरं लेबल आणि एक रिकामी बाटली काढली, फुंकर मारून तिच्यातली धूळ उडवली आणि माझ्या उजव्या हाताखाली धरली. पेन धरलेल्या बोटांवरून थेंब पडायला लागले होते. चार-पाच पडल्यावर बाईंनी ती बाटली आणि नानांची बाटली शेजारी शेजारी खिडकीच्या उजेडाला धरल्या आणि चष्मा वर करून बराच वेळ रंग जुळवून पाहिला.