आधी ठिपका, मग पाना

"मावशी, हात का थांबले?" शेजारी खिडक्यांच्या काचा बसवणारीने विचारलं.

मावशींचे हात खरंच थांबले होते. सव्वीस वर्षं शहराच्या बसमध्ये सीटा बसवणारी ही बाई. हातात पाना असताना तिला थांबलेलं कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं.

एका सीटला चार बोल्ट. बोल्ट आवळायचा आणि मग त्यावर पिवळा ठिपका द्यायचा, असा नियम. ठिपका म्हणजे दिलेला शब्द. पुढे कुणी तो बोल्ट तपासत नाही. पण मावशींनी आपल्यापुरती पळवाट काढली होती. चारही ठिपके आधी देऊन मोकळं व्हायचं, मग चारही बोल्ट आवळायचे. रंगाची बाटली सारखी कोण उचलत बसणार? हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं.

मघाशी शेवटच्या सीटला ठिपके देताना काचवाली चिडवत होती, "काय मास्तरीणबाई, आता आम्हाला कुठली ओळख देताय?" उद्यापासून नव्या मुली येणार होत्या आणि त्यांना शिकवायला मावशींचं नाव वर गेलं होतं. नवऱ्याने तर गल्लीभर सांगून टाकलं होतं. त्या हसण्याबोलण्यात बस लाईनवर पुढे सरकली. बोल्ट आवळले की नाही, काही केल्या आठवेना.

गाडी कारखान्याच्या दाराशी पोचली होती. मावशी तडक साहेबांकडे गेल्या. वयाने लहान, पण सतत मनगटाकडे बघणारा हा माणूस. सगळे त्याला घड्याळसाहेब म्हणत.

"साहेब, लाईन थांबवा. शेवटची सीट आवळल्याचं मला आठवत नाही."

"ठिपके आहेत ना?"

"ठिपके मी आधीच देते."

"कधीपासून?"

"तुम्ही शाळेत जात होतात तेव्हापासून."

लाईन थांबली. साहेब स्वतः गाडीत चढले. चारही बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाची तरी आजी इथे पिशवी मांडीवर घेऊन बसली असती. त्यांनी चारही बोल्ट करकचून आवळले आणि म्हणाल्या, "आता बाकीच्याही सगळ्या बघू."

बाकी सगळ्या घट्ट निघाल्या. तोवर चाळीस मिनिटं गेली होती आणि कारखानाभर बोभाटा झाला होता.

"मावशी, हे मला लिहावं लागेल."

"लिहा. आणि उद्याचं माझं नावही खोडा."

साहेबांनी वही उघडून लिहायला घेतलं.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उठला आणि जेवण वाढायला लागला. मग ताट पुढे सरकवत म्हणाला, "गल्लीला मी बघून घेतो. तू आधी जेव."

दुसऱ्या दिवशी मावशी खाली मान घालून जागेवर आल्या, तर तिथे कोऱ्या गणवेशातल्या सहा मुली उभ्या.

"साहेबांनी तुमच्याकडेच पाठवलंय," त्यातली एक चाचरत म्हणाली. "म्हणाले, चूक लपवायची नाही, हे तुमच्याकडून शिका."

मावशींनी दूरवर पाहिलं. साहेब नेहमीसारखे घड्याळात बघत होते.  मावशींचा हात पदराकडे गेला, पण अंगात गणवेश होता. त्यांनी बाहीनेच डोळे पुसले आणि सीटपाशी खाली बसल्या.

"या, जवळ या," त्या म्हणाल्या. "काल मी कुठे चुकले, ते आधी दाखवते."