वादळवाली बघायचा कार्यक्रम

राजाजीनगरात वासंतीच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी दुपारी खेळ जमायचा. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि खेळ चालवणारा प्राणेश सांगेल त्या जंगलात नाहीतर भुयारात शिरून, फासे टाकत राक्षसांशी लढायचं. बाकीचे दोघे म्हणजे तिचा वरच्या खोलीतला भाडेकरू अभिजीत आणि त्याच्या ऑफिसातली शिवलीला. चौथा गडी अमेरिकेला गेला, तेव्हा चहा घेऊन आलेल्या वासंतीला त्यांनी बसवून घेतलं आणि त्याचं पात्र तिच्या गळ्यात मारलं. पात्र होतं वैदू. वर्षभर ती जखमा बांधत होती. घरात आयुष्यभर केलं तेच, फक्त फासे टाकून.

मग त्याच गड्याने नव्या पात्रांची पुरवणी धाडली. पण छापलंय म्हणून पात्र घ्यायचं, असं या मंडळींत नव्हतं. आधी बघायचा कार्यक्रम व्हायचा, मुलगी बघतात तसा. पात्र ज्याला हवं त्याने फ्रिजजवळच्या खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी पोहे खात प्रश्न विचारायचे. एकाचा जरी नकार आला तरी स्थळ परत.

वासंतीला वादळवाली हवी होती. बोलावलं की वादळ येणार, पण वीज आपला-परका बघत नाही.

प्राणेशने मार किती, पल्ला किती ते विचारलं. मांत्रिकापेक्षा मार दुप्पट, पण अंगावर चिलखत नाही, तेव्हा तोल बरा आहे, असं त्याचं मत पडलं. शिवलीलाने भुयाराचं विचारलं. तिथे आभाळच नाही, तेव्हा ही नुसता कंदील धरणार, हे वासंतीने सरळ कबूल केलं. लपवून स्थळ जमवण्यात अर्थ नव्हता.

अभिजीत मात्र खोडीच काढत राहिला. फार जोरकस आहे म्हणाला, मग म्हणाला अगदीच कुचकामी आहे. वासंतीने त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.

"अभिजीत, हिच्यात खोट आहे, की तुझी मलमपट्टी बंद होईल म्हणून जीव जातोय?"

अभिजीतने शेंगदाणे बाजूला सारले. "मलमपट्टीच, काकू. मी बेधडक घुसतो ते तुमच्या भरवशावर."

"अक्का, खरं बोलला एकदाचा," प्राणेश म्हणाला.

नुसत्या बोलण्यावर नकार देऊ नये म्हणून एक चाचणीची लढाई लावायचं ठरलं. माळरान, समोर सहा राक्षस. सवयीने अभिजीतचा योद्धा सगळ्यांच्या पुढे धावला. वासंतीने वादळ बोलावलं. चार राक्षस पडले आणि पाचवा अभिजीत. त्याने आपसूक तिच्याकडे पाहिलं.

"स्वल्प थांब," जरासं म्हणायला कानडी शब्द वापरत ती म्हणाली, "माझं अजून एक वादळ शिल्लक आहे."

शिवलीलाला हसू आवरेना. अभिजीतने दुसऱ्यांदा लढाई लावायला सांगितली. या खेपेला त्याने ढाल घेतली, खडकाआड बसून राहिला आणि वीज पडून गेल्यावर उरलेल्यांवर तुटून पडला. वर्षभरात पहिल्यांदाच तो उभ्याने लढाईबाहेर आला. स्वतःवरच खूश होऊन म्हणाला, "पसंत आहे. पण काकू, वादळ बोलावण्याआधी हाक मारत जा."

तेवढं तिने कबूल केलं. वैदूचा कागद तिने त्याच्यापुढे सरकवला, कुणाला लागला तर असावा म्हणून, आणि कोऱ्या कागदावर वादळवालीला काय नाव द्यावं याचा विचार करत पाय वर घेऊन बसली.