चौथा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ सांगणारा, जाडजूड, पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेला. माझ्या चारशे अकराव्या पानावर बोटाच्या पेराएवढे भोक आहे. ते वाळवीने पाडलेले नाही. ते कसे पडले, हे आजवर मला कुणी विचारले नाही. आज मी होऊन सांगतो.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून माझी पाने जुळवणारा कामगार डोळ्यांनी अधू होत चालला होता. तरी प्रत्येक अर्थ तो ओठांत पुटपुटत जुळवी. "एवढासा शब्द आणि एवढे अर्थ! बिचाऱ्याला ओझं होत नसेल का?" असे तो स्वतःशीच म्हणे. मला मात्र त्या अर्थांचा अभिमान वाटे. 'लेट' हा शब्दच घ्या ना. तुम्ही शाळेत रोज वापरता तो. त्याच्यापुढे माझ्याकडे चार ओळी होत्या. पहिली, उशीर झालेला, विलंबाने येणारा, मागे राहिलेला. दुसरी, दिवस कलल्यानंतरचा. तिसरी, अलीकडचा. आणि चौथी, दिवंगत, आता हयात नसलेला.

मला एका कारकुनाने विकत घेतले. निवृत्त झाल्यावर ते एका इमारतीच्या तळमजल्यावर एकटेच राहत. कचेरीत त्यांनी जन्मभर इंग्रजी पत्रांच्या नकला केल्या होत्या, म्हणून सारी इमारत त्यांना साहेबकाका म्हणे. पत्राची नक्कल करणे वेगळे आणि पत्र समजणे वेगळे, हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक होते. कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो आमच्या टेबलावर येई. काका चष्मा पुसत, मला उघडत आणि अर्थ सांगत. "काका, तुम्ही आहात म्हणून आमचं निभावतं," असे लोक म्हणाले की काका माझ्या पाठीवरून हात फिरवत. त्यांचा माझ्यावर जीव होता.

आमच्या अगदी वरच्या खोलीत कपडे शिवणारी एक बाई राहत असे. तिला सगळे शिवणताई म्हणत. तिचा नवरा मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात कामाला होता. त्यांना नऊ वर्षांची एक मुलगी होती, चिमणी. नवऱ्याची पत्रे मराठीत येत, म्हणून त्यांच्यासाठी माझी गरज कधी पडली नव्हती. एका सकाळी मात्र शिवणताई टाइप केलेला इंग्रजी कागद घेऊन खाली आली.

"काका, कंपनीचं आहे. यांचं तीन महिन्यांत पत्र नाही. जरा बघता का?"

पत्र लांबलचक होते. काकांना त्यातले निम्मेच कळले. नवरा, सामान, दिलगीर. आणि 'नवरा' या शब्दाआधी 'लेट'. काकांनी चारशे अकरावे पान उघडले, पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, घाबरू नकोस! तुझ्या नवऱ्याला यायला उशीर होतोय, त्याबद्दल कंपनी दिलगीर आहे. सामान आधी पाठवतायत. माणूस मागून येईल."

शिवणताई तिथेच खुर्चीवर बसली. "उशीरच ना? मग होऊ दे. लग्नाच्या दिवशीसुद्धा उशिराच आले होते." ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

मित्रांनो, तीन ओळी खाली. बोट फक्त तीन ओळी खाली न्यायचे होते. पण काकांनी मला मिटले, आणि मला स्वतःहून उघडता येत नाही.

पुढच्या आठवड्यात ट्रंक आली. तिच्यात चार सदरे, दाढीचे सामान आणि चिमणीसाठी घेतलेल्या, पण आता तिच्या पायाला लहान होणाऱ्या सपाता होत्या. शिवणताईने सदरे धुऊन इस्त्री करून ठेवले. त्यानंतर आमच्या छतावर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. तिचे शिवणयंत्र दिवसभर खडखडत असे. पण जिन्यावर कुणाचीही पावले वाजली की ते थांबे. पावले तिचे दार ओलांडून दुसऱ्या मजल्यावर जात, आणि मग काही क्षणांनी यंत्र पुन्हा सुरू होई. दूधवाला आला, यंत्र थांबले. पोस्टमन आला, थांबले. शेजारची मुले शाळेतून आली, थांबले. ज्याची पावले कधीच वाजणार नव्हती, तो असा दिवसातून वीस वेळा आमच्या डोक्यावरचा जिना चढत होता.

दोन महिन्यांनी काका दुसराच एक शब्द शोधत होते. चारशे अकरावे पान उघडले गेले, आणि त्यांची नजर चौथ्या ओळीवर पडली. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. माझ्या पानावर टेकलेला त्यांचा अंगठा गार पडला. नेमकी तेव्हाच जिन्यावर पावले वाजली आणि वरचे यंत्र थांबले.

काका उठले, दारापर्यंत गेले, परत आले. असे ते त्या दिवशी चार वेळा गेले. शेवटी त्यांनी दाढीचे पाते काढले आणि माझ्यातली ती ओळ कापून टाकली. ती कागदाची पट्टी त्यांनी चुलीत घातली. पानाच्या मागच्या बाजूला 'हसणे' या अर्थाचा शब्द होता, तोही गेला. मला दुखले का, असे विचाराल तर पात्याचे दुखले नाही. अर्थ माझ्यातून गेला होता, पण वरच्या खोलीतून तो कसा जाणार?

शिवणताई दर आठवड्याला येई. "काका, कंपनीला विचारलंत का, कधी पोचतील?"

"लिहिलंय. येईल उत्तर," काका म्हणत. त्यांनी काहीही लिहिले नव्हते.

असे वर्ष सरले. मग शिवणताईचा भाऊ तिला न्यायला आला. त्याच्याकडे मोठे घर होते, जवळ मुलींची शाळा होती. जिन्यात उभा राहून तो समजावत होता, आणि काका दाराआडून ऐकत होते.

"अगं, किती दिवस अशी राहणार? पोरीचं तरी बघ."

"आणि हे आले नि दाराला कुलूप दिसलं तर? मी नाही येणार, दादा."

चिमणी म्हणाली, "आई, आपण चिठ्ठी लावून जाऊ ना."

काकांनी मला काखेत घेतले आणि ते जिना चढू लागले. ऐंशीच्या घरातले त्यांचे पाय प्रत्येक पायरीवर थांबत होते. वर गेल्यावर त्यांनी मला शिवणयंत्रावर ठेवून उघडले.

"ताई, इथे एक अर्थ होता. तो मी कापला."

"कसला अर्थ?"

काकांनी तो सांगितला. छापील शब्दात नाही, साध्या बोलीत सांगितला. "तुझा नवरा गेला गं. पत्रात तेच होतं. आधी मला कळलं नाही. कळलं तेव्हा धीर झाला नाही."

भाऊ रागाने पुढे सरसावला, पण शिवणताईने हात आडवा धरला. तिने त्या भोकात बोट घातले. मग म्हणाली, "चौदा महिने मी त्यांच्यावर रागावले होते, काका. उशीर करतात म्हणून. रोज मनातल्या मनात भांडत होते. त्यांच्यासाठी एकदासुद्धा रडले नाही."

काका खाली बसले. त्यांना उठवायला कुणी हात दिला नाही. शेवटी चिमणीने दिला.

शिवणताईने ट्रंकेतून ते पत्र काढले. "आता सगळं वाचा. एकही शब्द सोडू नका."

दुपारभर काका शब्दाशब्दाला मला उघडून वाचत होते. कंपनीने आधी तार केली होती, ती पोचलीच नव्हती. तापाने सहा दिवसांत तो गेला होता. शेवटपर्यंत सोबती त्याच्या उशाशी होते. त्याला समुद्रातच निरोप दिला होता. पत्रात तो गेल्याची तारीखही होती, आणि शिवणताईने ती तीनदा म्हणून घेतली. जिन्यावर कुणीतरी चढत गेले. तिने मान वर केली नाही.

महिन्याभराने ती भावाकडे गेली. काकांना तिने क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. जाताना ती त्यांच्या दाराशी थांबली, पण आत आली नाही. त्यानंतर काका प्रत्येक कागद चार वेळा वाचत आणि म्हणत, "मला असं वाटतं. पण आणखी कुणाला तरी दाखव." ते वारल्यावर त्यांच्या पुतण्याने मला वाचनालयाला देऊन टाकले.

इथे मी खालच्या फळीवर असतो. काल दुपारी हातात कागद घेतलेला एक माणूस आला. त्याने 'डिस्चार्ज' हा शब्द शोधला, पहिला अर्थ वाचला, घरी सोडणे. तो हसला, मला मिटून पायऱ्या उतरून गेला. खाली आणखी पाच अर्थ होते. नोकरीवरून काढून टाकणे, हाही एक. त्याचा कागद दवाखान्याचा होता की कारखान्याचा, मला दिसले नाही.

मित्रांनो, तो तुम्हाला कुठे भेटला तर त्याला एवढेच सांगा, तुमचा शब्द अजून वाचून संपला नव्हता.