पोरलेनिकचा वाकडा खांब

मी खांब बोलतोय. दिव्याचा नव्हे, नळाचा. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पोरलेनिक गावात मोटरहोमचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांचा, थांबा आहे, त्याच्या कोपऱ्यात मी उभा असतो. पुढच्या बाजूनं मी प्यायचं पाणी देतो आणि मागच्या झाकणातून लोकांच्या संडासाच्या टाक्यांतली घाण पोटात घेतो. इतकं करून माझा आजवर कधी सत्कार झालेला नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा चकचकीत होतो. अकरा वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं ती ऐट उतरवली.

समुद्राकडच्या रांगेत सहाच जागा, म्हणून माणसं दुपारी चारलाच येऊन धडकतात. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे हात हलवत. खुर्च्या बाहेर मांडायला इथे बंदी आहे, त्यामुळे आधी आलेले लोक वाइनचे ग्लास घेऊन उभ्यानंच मजा बघतात.

"डावीकडे घे, ल्युसियां."

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"लग्नाला चाळीस वर्षं झाली, अजून तुझं-माझं करतोस?"

ही जिनेत. दर उन्हाळ्यात येते आणि आल्या आल्या थांब्याचा कारभार हातात घेते.

समोरच सोआझिगचं पावाचं दुकान. रोज संध्याकाळी ती इथे येऊन गाड्या मोजते आणि त्या हिशेबानं पहाटे पीठ मळते. सकाळी सगळे विस्कटलेल्या केसांनी, सपाता फटफटवत तिच्याकडे जातात.

हे बघवत नसे ते फक्त कप्तान ल दांतेकना. निवृत्त माणूस, जन्मभर बंदरात जहाजं आणली, आणि आता खिडकीतून समुद्राऐवजी मोटरहोमच्या पाठी दिसतात. त्यांनी नगराध्यक्षा मादाम त्रेगेरकडे तक्रार केली. "हे लोक गावाकडून काही घेत नाहीत, फक्त टाक्यांतली घाण देऊन जातात." बाई म्हणाल्या, गुरुवारी सकाळी येऊन बघते, मग थांबा ठेवायचा की नाही ते ठरवू.

थांबा गेला की माझी रवानगी भंगारात. सोआझिगचा चेहराही उतरला होता. "एकट्या गावाच्या जिवावर भट्टी नाही चालत गं, जिनेत. थांबा गेला तर मीही कुलूप लावणार."

जिनेतनं पदर खोचल्यासारखं केलं आणि बुधवारी सगळ्यांना झाडायला लावलं. माझी मागची बाजूसुद्धा घासली. इतक्या वर्षांत तिकडे प्रेमानं कुणी बघितलं नव्हतं, मला अगदी भरून आलं. मग ती म्हणाली, "आता सगळे निघा. बाईंना आपली गर्दी दिसायला नको. उद्या चारला परत या."

संध्याकाळपर्यंत सतराच्या सतरा गाड्या गेल्या. अरे, काय करताय, असं मला ओरडायचं होतं. पण खांबाचं ऐकतो कोण?

गुरुवारी दहा वाजता मादाम आल्या. थांबा स्वच्छ आणि ओसाड.

"इथे तर चिटपाखरू नाही, कप्तान. तुम्ही गर्दीची तक्रार केली होतीत ना?"

"गर्दी नसते तेव्हा असाच रिकामा पडलेला असतो, मादाम."

"मग बंदच करून टाकू. पाव घेते आणि ऑफिसात जाऊन सही करते."

दोघं समोर गेले. सोआझिग दारात हाताची घडी घालून उभी होती. मागची फळी रिकामी.

"पाव संपला."

"दहा वाजता?" कप्तान म्हणाले. "मी रोज साडेदहाला येतो. मला मिळतो."

"गाड्यांसाठी भाजलेल्यातला उरतो, तो तुम्हाला मिळतो, कप्तान. काल संध्याकाळी मोजायला एकही गाडी नव्हती. गावापुरते वीस भाजले, ते नवालाच उडाले."

"मग मी जेवायचं काय?"

"आज तसंच जेवा. आणि सवय करून घ्या. थांबा बंद, की मीही बंद."

"दुसरं दुकान कुठे आहे?" मादामनी विचारलं.

"बावीस किलोमीटरवर."

कप्तान पायरीवर मटकन बसले. घरी त्यांनी चीज कापून ठेवलं होतं. पावाशिवाय चीज खायचं, हे त्यांच्यावर सत्तर वर्षांत ओढवलं नव्हतं. मादामनी पर्समधला थांबा बंद करायचा कागद काढला, त्याची बारीक घडी घातली आणि पर्सच्या तळाशी दाबून टाकला.

चारला गाड्या परतल्या. बघतो तर थांब्याच्या मधोमध कप्तान, बाह्या सरसावून हात हलवतायत.

"या, ल्युसियां, समुद्राकडच्या रांगेत या. माझ्या खिडकीसमोरच लावा. मागे घ्या, अजून मागे."

"कप्तान, खांब आहे मागे," जिनेत म्हणाली.

"चाळीस वर्षं जहाजं आत आणलीत मी, बाई. अजून मागे."

धाडकन आवाज झाला.

तेव्हापासून मी पाववालीच्या दुकानाकडे झुकलेला आहे. मला सरळ करायचं दरवर्षी ठरतं आणि राहून जातं. साडेदहाला काखेत लांब पाव घेऊन कप्तान येतात आणि माझ्या डोक्यावर ओशाळी थाप मारतात.

तुम्हीही या. माझ्यात पाणी आहे, पोटात जागा आहे. फक्त आदल्या संध्याकाळीच या, म्हणजे सोआझिगला तुमची गाडी मोजता येईल. आणि गाडी मागे घेताना कप्तान हात हलवत उभे दिसले, तर कृपा करून त्यांच्याकडे बघू नका.