बॉनेटवरचा बाप

"मिशीचा केस न् केस मोजून घे," राडामेस म्हणाला. "चित्रकार खास पोन्सेहून आणलाय."

गाडीच्या बॉनेटवर नेरेइदाचा बाप होता. वारो. टोपी मागे ढकललेली, डोळे बारीक केलेले. त्याला जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते. रविवारी सालिनासच्या ट्रॅकवर त्याच्या आठवणीत ही गाडी वीस फेऱ्या मारणार होती. चालवणार होता राडामेस, वारोचा तीस वर्षांचा भागीदार आणि नेरेइदाचा धर्मपिता, तिचा 'पाद्रीनो'.

"पाद्रीनो, जुनं बॉनेट कुठाय?"

"भंगारात. त्याला हे एवढं भोक होतं. तुझ्या बापाचं तोंड काय भोकावर काढायचं?"

"आणि आतला वाकवलेला पत्रा?"

"तोही गेला. त्याच्यामुळे नवं बॉनेट बसेना."

या चिमुकल्या दोन सीटच्या गाडीत वारोने आठ सिलिंडरचं इंजिन कोंबलं, तेव्हा आत बोट शिरायला जागा उरली नव्हती. रेडिएटरमधून आलेली गरम हवा इंजिनावर आपटून तिथेच कोंडायची आणि समोरची नवी हवा आत यायचीच नाही. दोन इंजिनं त्यात जळली. मग त्याने रेडिएटर पुढे कलता बसवला, मागे पत्रा लावला आणि बॉनेट कापून हवेला वर वाट काढून दिली. "आधीचा पाहुणा उठला नाही, तर नव्याला बसवशील कुठे?" म्हणायचा.

हे तिसरं इंजिन पूर्ण वेगात पळालेलं त्याने ऐकलंच नव्हतं. रविवारी नेरेइदाला ते ऐकायचं होतं.

"दोन मोठे पंखे लावलेत मी," राडामेस म्हणाला.

"चालव. आत्ता."

समुद्राकडच्या रस्त्यावर सहाव्या मिनिटाला काटा लाल पट्ट्यात गेला. राडामेसने गाडी कडेला घेतली. वारोच्या कानांमागून वाफ निघत होती.

"थर्मोस्टॅट बिघडला असेल."

"थर्मोस्टॅट? तीस वर्षं त्याच्या शेजारी पाना धरून उभा होतास ना? डोळे मिटून होतास?"

"तोंड सांभाळ, पोरी. मीही पुरलंय त्याला."

"पुरलंस, आणि वरून झाकणही लावलंस!"

गाडी ओढत वर्कशॉपमध्ये आणली. नेरेइदाने रेडिएटरच्या मागे एक वीत मोजली आणि खडूने आडवी रेघ मारली. रेघ दोन्ही डोळ्यांवरून गेली.

राडामेसचा आवाज खाली आला. "मागे काप. काचेजवळ. तिथे चित्रात नुसती कॉलर आहे."

"काचेवर वारा आपटतो. तिथून हवा बाहेर पडत नाही, उलटी आत घुसते. तुला माहीत आहे हे."

त्याला माहीत होतं. "मग पळवायलाच नको. नुसती उभी करू. लोक फुलं वाहतील."

"फुलं चर्चमध्ये वाहून झाली. या इंजिनाचे शेवटचे तीन नट मी आवळलेत, पाद्रीनो. त्याच्या हातात जोर नव्हता. दम लागायचा. रंगाच्या वाफेने लागतो, म्हणायचा मला."

तिने चष्मा चढवला, ग्राइंडर सुरू केला.

"थांब. नेरेइदा, थांब म्हणतो ना!"

ग्राइंडरचं चाक टेकताच पत्रा थरथरला आणि चाक रेघेवरून घसरलं. तिने पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. राडामेसने एक सणसणीत शिवी हासडली, पुढे आला आणि वारोच्या दोन्ही गालांवर तळवे दाबून धरले. पत्रा स्थिर झाला.

"सरळ ने. आणि माझ्याकडे बघू नकोस."

ती बघत नव्हतीच. त्याच्यावरचा तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. पण समोर वारोचे डोळे होते. त्या डोळ्यांना जानेवारीपासून आजाराचं सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

तिने डावीकडून सुरुवात केली.