मनुकांचं पाणी

“आधी तुम्ही प्या,” मी हवालदाराला म्हटलं. “तुम्हाला काय झालं नाय, तर मग मी बघीन.”

शेजारच्या राहेलबाईच्या खोलीत चुलीपाशी पितळेचं पातेलं होतं आणि त्यात काळपट लाल पाणी. चाळीतल्या निम्म्या बायका दारात डोकी घालून उभ्या होत्या. बाईमाणसाच्या घराची झडती, तेव्हा पंच म्हणून एक तरी बाई पाहिजे, असं म्हणत हवालदाराने मला पुढे ओढलं होतं. आमचे हे कारखान्यात. घरी असते तर त्यांच्या आड लपून मी मोकळी झाले असते.

“बाई, वास घ्यायचा, चव बघायची आणि सही करायची. दारू आहे की नाही, एवढंच सांगा.”

“आणि किरिस्तावाचं पिऊन मी बाटले तर? तुम्ही येणार निस्तरायला?”

मी संशयी आहे, हे मला ठाऊक आहे. दूध बोट बुडवून घेते, वाण्याच्या काट्यावर डोळा ठेवते, नवरा लवकर घरी आला तरी का आलात म्हणून विचारते. जगात फसवणारे थोडे आहेत का? त्यातून आमच्या कोकणात म्हातारी माणसं सांगायची, विहिरीत पाव टाकला आणि अख्खी वाडी बाटली. आणि या राहेलबाईचा तर मुलगाच दारूपायी तुरुंगात होता. दावीद पवईकडून सायकलच्या ट्यूबमध्ये हातभट्टीची भरून घाटकोपरला आणताना सापडला. दारूबंदीचे दिवस, वर्षाची शिक्षा झाली. मुलगा बाहेर पोचवतो म्हणजे आई घरात गाळते, हे चाळीला कुणी वेगळं सांगावं लागत नव्हतं.

राहेलबाई मूळची नगरकडची. नवरा कधीच गेलेला, स्वतः दवाखान्यात आया. दर महिन्याला एका शनिवारी ती दार लोटून काहीतरी उकळायची. गोडूस वास सगळ्या गॅलरीत पसरायचा. दुसऱ्या दिवशी पातेलं पांढऱ्या फडक्याने बांधून ती त्यांच्या देवळात न्यायची. विचारलं तर म्हणायची, “प्रभुभोजनाचा रस गं. येशूची आठवण म्हणून आम्ही सगळे एका पेल्यातून घेतो.” मला वाटायचं, बाईने नाव तर झकास शोधलंय. पोलिसांना कुणी कळवलं देव जाणे. मी नाही, पण मला नवलही वाटलं नाही.

राहेलबाईने दोन वाट्या भरल्या. एक हवालदाराला दिली, एक माझ्यापुढे धरली.

“काळ्या मनुका आहेत, सुगंधा. भिजवल्या, उकळल्या, गाळल्या. बाटण्यासारखं त्यात काही नाही. देवाचं नाव तर अजून घेतलंच नाहीये त्यावर.”

हवालदाराने घोट घेतला, ओठ चाटले. “च्यायला, सरबत आहे हे!” म्हणाला आणि वाटी रिकामी केली. मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. धडधाकट होता. मग मी वास घेतला, रवळनाथाचं नाव घेतलं आणि जीभ लावली. गोड लागलं, मागून जरासं आंबट. खात्री करायला आणखी एक घोट घेतला.

“मनुकांचं पाणी आहे,” मी म्हटलं आणि मोडकीतोडकी सही केली.

पोलीस गेले, बायका पांगल्या, आणि संध्याकाळी शामुवेल मास्तर आले. हे त्यांच्या देवळातल्या मंडळीचे वडीलधारे. झडतीचं त्यांच्या कानावर गेलं होतं. ते आत आलेच नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

“राहेलबाई, उद्याचा रस दुसरीकडून येईल.”

“मास्तर, दावीद पाळण्यात होता तेव्हापासून मी करतेय.”

“दावीदचंच तर म्हणतोय. पेला तोंडाला लावताना लोकांच्या मनात काय येईल?”

मला राहवेना. “ओ मास्तर, मी प्यायलेय ना! सरकारी कागदावर सही दिलीय मी!”

“तुमचं वेगळं आहे, बाई,” मास्तर शांतपणे म्हणाले. “तुम्हाला फक्त चव बघायची होती.” आणि गेले.

माझं डोकंच फिरलं. पोलिसाने विश्वास ठेवला. मी, कुणावर कधी न ठेवणारी, मी ठेवला. आणि हिच्या माणसांनी नाही!

“कुठे आहे हो तुमचा देव?” मी विचारलं. “पोरगा तुरुंगात, पोलीस घरात. तुम्ही चहा-पावावर दिवस काढता आणि मनुका देवाला. वर हे असं! सोडा ते देऊळ.”

ती फडक्याची घडी घालत होती. डोळे भरून आले होते, पुसले मात्र नाहीत.

“राग येतो गं मलाही. रोज भांडते त्याच्याशी. पण भांडायला तरी दुसरं कोण आहे मला?”

रविवारी ती पातेलं घेऊन गेलीच. मी गॅलरीत उभी राहून वाट बघितली. दोन्ही हातांनी, डचमळू न देता, भरलेलं पातेलं ती तसंच परत घेऊन आली.

“घेतलं नाय ना?”

“नाही.”

“आणि तुम्ही? त्यांच्या पेल्यातलं प्यायलात?”

“प्यायले.”

“का पण?”

“पेला त्यांचा नाही, सुगंधा.”

मग तिने चाळीतल्या पोरांना हाका मारल्या आणि सगळा रस वाटून टाकला. मलाही वाटीभर मिळाला.

पुढल्या महिन्यात तेच. त्याच्या पुढल्या महिन्यातही तेच. उकळायचं, बांधायचं, न्यायचं आणि भरलेलं परत आणायचं. मी म्हटलं, “वेड लागलंय का तुम्हाला? कुणी मागत नाय तर करता कशाला?”

“एखाद्या रविवारी मागितलं आणि माझ्याकडे नसलं तर?” ती म्हणाली.

पोरं त्या रविवारची वाट बघू लागली. खरं सांगायचं तर मीही वाटी धुऊन ठेवायची. वास मात्र दर वेळी घेऊन बघायची. सवय जात नाही.

नाताळ जवळ आला होता. दावीदला सुटायला अजून अवकाश होता. त्या रविवारी मी वाटी घेऊन पायरीवर बसले होते आणि कोपऱ्यावर राहेलबाई दिसली. पातेलं एका हातात लोंबत होतं, फडकं खांद्यावर.

“सांडलं?” मी उठलेच.

तिने नकारार्थी मान हलवली.

“मग? कुणी घेतलं?”

“मास्तरांनी,” ती म्हणाली. “स्वतः हात पुढे केला.”

माझा विश्वास बसेना. मी तिच्या हातातून पातेलं घेतलं, उजेडाकडे कलतं करून बघितलं. तळाशी नुसता लाल ओघळ होता. बोट फिरवून जिभेला लावलं. तेच होतं, गोड आणि मागून जरासं आंबट.

पोरं पेले घेऊन धावत आली. “आज नाय,” मी त्यांना ओरडून सांगितलं. मग माझी कोरडी वाटी घेऊन घरात आले आणि फळीवर पालथी घातली.